दोर कुणाच्या हातात होता?

सगळ्यात आधी 'निसर्गरम्य' हा शब्द बाद करू या. फ्रान्सच्या कालव्यांतून एखाद्या जोडप्याने केलेल्या निवांत बोटप्रवासाचं कुठलंही वर्णन उघडा, रील असो की प्रवासलेख, हा शब्द तिथे मांडी ठोकून बसलेला असतो. सोबत 'काळ थांबला', 'काहीच न करण्याचं सुख' वगैरे मंडळी. फोटोही ठरलेला. बोटीच्या टपावर दोन खुर्च्या, दोन ग्लास, वर झाडांची कमान.

त्या सुखाबद्दल माझी तक्रार नाही. मी ते घेतलंय. दक्षिण फ्रान्समधल्या कानाल द्यु मिदी या कालव्यावर नवऱ्याबरोबर एक आठवडा काढलाय, समुद्राकडून वर कार्कासोनच्या दिशेने. माझं भांडण आहे ते 'काहीच न करण्या'शी. कारण त्या आठवड्यात कुणीतरी सतत काहीतरी करत होतं, आणि बऱ्याचदा ती मी होते.

कसं ते सांगते. हा कालवा म्हणजे पाण्याचा जिना, आणि लॉक ही त्याची पायरी. वर जाताना तुम्ही खालच्या पातळीवरून एका दगडी हौदात शिरता. भिंती डोक्याच्या वर. मागचा दरवाजा बंद होतो, पुढच्या दरवाजाच्या झडपा उघडतात आणि पाणी उसळत आत येतं. बोट आडवीतिडवी व्हायला लागते. तिला भिंतीशी धरून ठेवायला एक माणूस काठावर हवा. त्याने खुंट्याला दोराचा वेढा द्यायचा आणि बोट जसजशी वर येईल तसतसा दोर ओढून घ्यायचा. पकड ढिली झाली तर बोट जाऊन शेजारच्या बोटीवर आपटते.

तर पहिल्या दिवशी आमच्यात न बोलताच ठरलं, तो स्टिअरिंगवर, मी दोरावर. दुसऱ्या दिवशी मी इतर बोटींकडे बघायला लागले. जर्मन, इंग्लिश, फ्रेंच, सगळीकडे तेच. पुरुष टोपी घालून चाकामागे बसलेला आणि बाई काठावर उडी मारतेय, तळहात सोललेले. गंमत म्हणजे ताकद लागते ती दोराला. चाक एका बोटाने फिरतं. भाड्याच्या बोटीला परवानासुद्धा लागत नाही, थोडा वेळ शिकवतात आणि किल्ली हातात देतात. वेग ताशी 8 किलोमीटर. काठावरची सायकलवाली पोरं हात हलवत पुढे निघून जातात. तरीही कप्तान तोच.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "तू सुट्टीवर आहेस, मी ड्यूटीवर." तो म्हणाला, "अगं, मग आधी बोलायचंस ना." हे वाक्य मराठी घरांत वाढलेल्या कुठल्याही बाईला नवं नसावं.

हे वाचून कुणी म्हणेल, बाई, सुट्टीला गेला होतात की युनियन काढायला? पण कालव्यावर जोडप्याने प्रवास करणं ही पर्यटन कंपन्यांनी शोधलेली कल्पना नाही. फ्रान्सच्या मालवाहू बार्जवर नवरा-बायको हेच कामाचं एकक होतं. घर मागच्या बाजूला, पोटात कोळसा नाहीतर धान्य. घोडा परवडत नसेल तेव्हा खांद्या-छातीला पट्टा बांधून माणसंच बार्ज ओढत, आणि जुन्या फोटोंमध्ये त्या पट्ट्यात बायका आहेत, मुलंही आहेत. 1934 साली ज्याँ व्हिगोने 'लातालान्त' नावाचा सिनेमा केला. त्यात नवी नवरी लग्नाच्या पोशाखातच चर्चमधून चालत थेट नवऱ्याच्या बार्जवर येते. पुढे काय? काठ, पाणी, धुणं, पुन्हा काठ. तिला पॅरिस बघायचं असतं. 'काळ थांबला' हे तिच्याही वाट्याला आलं होतं, फक्त तिला ते सुख वाटलं नाही. आज आपण पैसे मोजून आठवडाभर तिचं आयुष्य खेळतो. खुशाल खेळावं. पण तिचं काम तिच्याच वारसांकडे ढकलून वर त्याला निवांतपणा म्हणू नये.

आता त्या फोटोंकडे येते. बेझिए शहराजवळ फोंसेरानचा जिना आहे, एकाला एक चिकटलेले लॉकचे हौद. तो चढून गेलं की पुढे 54 किलोमीटर एकही लॉक नाही. द्राक्षांचे मळे, दगडी पूल, पुस्तकाएवढी शांतता. टपावरचे सगळे फोटो इथे निघतात, आमचेही निघाले. कुणाला काही करावं लागत नाही, तो हाच पट्टा.

आणि तोच सर्वांत जास्त घामाचा आहे. लॉक टाळायचं तर पाण्याची पातळी एकच राहिली पाहिजे. म्हणून कालवा टेकड्यांच्या कडेकडेने वळणं घेत खणला गेला. वाटेत माल्पासची टेकडी आडवी आली, तर 1679 साली ती आरपार फोडली. बोटी जाव्यात म्हणून खणलेला कालव्यावरचा तो पहिला बोगदा मानला जातो. या सगळ्यामागचा माणूस पिएर-पॉल रिके. इंजिनिअर नव्हे, राजासाठी मिठावरचा कर गोळा करणारा. काम 1666 ते 1681 चाललं, आणि पाणी पूर्ण वाहायच्या काही महिने आधी, 1680 मध्ये, तो कर्जात बुडून वारला. त्याचे पुतळे आहेत. एका टप्प्यावर कामावर असलेल्या सुमारे 12,000 मजुरांचे नाहीत. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. चंद्रा मुकर्जी या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2009 च्या 'इम्पॉसिबल इंजिनिअरिंग' या पुस्तकात दाखवलंय, की पिरेनीज डोंगरातून आलेल्या या बायका नुसत्या टोपल्या वाहत नव्हत्या. डोंगरउतारावर पाणी कसं वळवायचं याचं गावाकडचं ज्ञान त्यांनी सोबत आणलं होतं. ज्याला आपण निसर्ग समजून कॅप्शन लिहितो, तो त्यांचा हिशेब आहे.

(एक अवांतर. हा कालवा जिथे संपतो त्या तो नावाच्या खाजणात कालवांची शेती चालते. कालव्याच्या शेवटी कालवं! हा विनोद मी तिथे कुणालाच समजावून सांगू शकले नाही.)

पाणीही आपोआप येत नाही. माँतान्यू न्वार या डोंगरातले ओढे अडवून, सँ-फेरेओलच्या धरणात साठवून ते आणावं लागतं. लॉककीपर हा आपल्याकडच्या पाटकऱ्याचाच भाऊबंद. कुणाला किती वेळ थांबवायचं, किती बोटी एकदम घ्यायच्या, हे तो ठरवतो. दुपारी जेवायला तो लॉक बंद करतो, आणि रांगेतले पर्यटक घड्याळ बघत कुरकुरतात. संथपणाच्या शोधात आलेली हीच मंडळी! 2022 च्या उन्हाळ्यातल्या दुष्काळात फ्रान्समधल्या अनेक कालव्यांचे पट्टे बोटींना बंद करावे लागले, तेव्हा कुठे काहींना कळलं असेल, की काळ थांबत नसतो, पाणी थांबतं.

आणि ती कमान? एकोणिसाव्या शतकात लावलेल्या प्लेनच्या झाडांची आहे. काठ धरून ठेवायला, सावली द्यायला लावलेली सुमारे 42,000 झाडं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून एक बुरशी फ्रान्समध्ये आली असं मानतात. 2006 मध्ये ती या कालव्यावर सापडली. उपाय एकच, झाड तोडायचं आणि जाळायचं. हजारो झाडं गेली. बुरशी पाण्यातून पसरते, मुळांतून पसरते, आणि बोट घासून वा दोर काचून झालेल्या जखमांतूनही शिरते. म्हणून झाडाला बोट बांधायला मनाई आहे. तरी आम्ही दोन बोटी झाडांना बांधलेल्या पाहिल्या. एकीच्या टपावर दोन खुर्च्या होत्या, दोन ग्लास होते.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही थांबलो तिथे कमान नव्हती. काठावर नवी रोपं होती, माझ्या खांद्याएवढी, प्रत्येकाला काठीचा आधार. सावलीचं नाव नाही. बोटीसोबत मिळालेल्या लोखंडी मेखा आणि हातोडा घेऊन नवरा उन्हात जमीन ठोकत होता. पहिली मेख वाकडी गेली. "धरलायस ना दोर?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही, तू ये आणि धर. मेख मी ठोकते."