सॅनिटायझर दारात, खिडकी मात्र बंद!



पाचवीच्या परिसर अभ्यासात संसर्गजन्य रोगांचा पाठ आहे. काही रोग पाण्यातून पसरतात, काही अन्नातून, काही हवेतून. मुलं हे पाठ करतात, पेपरात लिहितात आणि मार्क मिळवतात. आपण मोठी माणसं मात्र कामाची जागा उभी करताना त्यातला 'हवेतून' हा शब्द नेमका विसरतो. बँकेत जा, तालुक्याच्या ऑफिसात जा, नाहीतर आपल्याच शाळेचं कार्यालय बघा. दारात सॅनिटायझरची बाटली, टेबलावर कोरोनात लावलेला प्लॅस्टिकचा पडदा. खिडकी बंद, कारण एसी चालू आहे. नाहीतर खिडकीसमोर फायलींचं कपाट!

त्या पडद्याने समोरच्याच्या शिंकेचे मोठे थेंब अडतात, हे खरं. पण बोलताना, खोकताना बाहेर पडणारे अगदी बारीक कण हवेत तरंगत राहतात आणि पडद्याला वळसा घालून येतात. हात धुवायलाच हवेत, जुलाबासारखे आजार त्यानेच टळतात. पण सर्दी-ताप, गोवर, क्षयरोग, कोरोना यांच्यासाठी खोलीतली हवा बदलणं फार महत्त्वाचं आहे.

एक उदाहरण सांगते. मार्च 2020 मध्ये दक्षिण कोरियात सोल शहरातल्या एका उंच इमारतीत कोरोनाची साथ आली. अकराव्या मजल्यावर कॉल सेंटर होतं, तिथे 216 जण कामाला. इमारतीशी संबंधित हजारावर लोकांची तपासणी झाली, 97 जण बाधित निघाले आणि त्यातले 94 या एकाच मजल्यावरचे! तेही बहुतेक एकाच बाजूला, शेजारी शेजारी बसून दिवसभर फोनवर बोलणारे. लिफ्ट आणि लॉबी तर सगळेच वापरत होते. मग फरक कशाचा? मला तरी वाटतं, तासन्‌तास एकाच हवेत बसण्याचा.

आता एसीबद्दल. भिंतीवरचा नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून परत फिरवतो. पंखाही तसाच, आहे ती हवा ढवळतो. त्यामुळे गार वाटलं म्हणजे हवा ताजी, असं समजू नका.

पेरू देशात लिमा इथल्या रुग्णालयांमध्ये झालेला एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत, खिडक्या-दारं उघडल्यावर तासाला साधारण 40 वेळा हवा बदलत होती. खिडक्यांवरच चालणाऱ्या नव्या इमारतींत 17 वेळा. हे वाचल्यावर आपल्या जुन्या कौलारू शाळा आठवतात की नाही? उंच आढं, समोरासमोर खिडक्या. आणि आपण काय करतोय, तर लोकवर्गणी काढून 'डिजिटल वर्ग' करतो, खाली पीओपीचं छत घेतो, खिडक्यांना जाड पडदे लावतो.

अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या 'ॲश्रे' या संस्थेने 2023 मध्ये साथीच्या काळासाठी मानक काढलं. त्यात ऑफिसात माणशी सेकंदाला 15 लिटर स्वच्छ हवा सांगितली आहे, बाहेरची किंवा नीट गाळलेली. वर्गासाठी मात्र 20 लिटर! म्हणजे ऑफिसापेक्षा वर्गाला जास्त.

अडचणी मलाही माहीत आहेत. पाऊस आत येतो, डास येतात, रस्त्याची धूळ येते. पण छज्जा, जाळी आणि वरच्या बाजूला झरोके करता येतात. एसी हवाच असेल तर सोबत एक्झॉस्ट फॅन लावा आणि समोरच्या बाजूने हवा आत यायला वाट ठेवा. खिडकीच नाही अशा खोलीत त्या आकाराला पुरेल असं हेपा फिल्टरचं यंत्र चालतं. आणि खोकणाऱ्या क्लार्कला "रजा नाही" म्हणणारे साहेब असतील, तर यातलं काहीच पुरणार नाही.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीआधी एवढं करून बघा. कार्यालयात खिडक्या बंद करून पाच मिनिटं अगरबत्ती लावा, मग विझवा. आत बसलेल्याचं नाक वासाला सरावतं, म्हणून दर पाच मिनिटांनी बाहेरून नवीन माणूस बोलवा आणि वास येतो का विचारा. मग हेच समोरासमोरची दारं-खिडक्या उघडून करा. दोन्ही वेळा वहीत लिहा आणि ती वही बैठकीत घेऊन जा.