दवाखाना आहे, पण नाला भरलाय

राज्यात शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. पण भामरागड, एटापल्लीत पावसाळ्यात नाले भरले की गावं तुटतात. १०८ ची गाडी रस्त्यापर्यंतच येते. तिथवर बाईला खाटेवर किंवा झोळीत आणावं लागतं.

२०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, रक्त, ने-आण सगळं मोफत आहे. म्हणजे अडचण खर्चापेक्षा पोचण्याची आहे. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर हाताशी काही तासच असतात; भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात.

उपाय म्हणून ‘माहेरघर’ आहे. तारखेच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं. पण तेव्हाच रोवणी सुरू असते. घरी लेकरं, ढोरं, म्हातारी सासू; त्यांचं कोण बघणार? ‘कळा आल्यावर बघू’ हा अडाणीपणा नव्हे, घरचा हिशेब आहे.

पावसाळ्यातल्या तारखा आशाताईंच्या नोंदीत आधीच असतात. मे महिन्यातच त्या घरी जाऊन मागे कोण थांबणार, हे ठरवायला हवं. नाला भरल्यावर बैठक घेऊन उपयोग नाही.