‘वय झालंय तिचं’ म्हणून सोडू नका

मुलांच्या हट्टापायी घरात गिनी पिग येतो. पहिले सहा महिने मुलं त्याला खाली ठेवत नाहीत. मग क्लास, परीक्षा सुरू होतात नि पिंजरा हळूच स्वयंपाकघराच्या दाराशी सरकतो. मैत्रिणींनो, पुढचं सांगायला नकोच! हा प्राणी साधारण ५ ते ८ वर्षं जगतो. म्हणजे त्याचं म्हातारपण आपल्याच वाट्याला.

तो खाईनासा झाला, चालेनासा झाला, की घरात एक वाक्य तयार असतं. ‘वय झालंय त्याचं.’ मला हे वाक्य अजिबात पटत नाही. म्हातारपण म्हणजे आजार नव्हे, आणि त्या वयातली बरीचशी दुखणी वेळेवर लक्षात आली तर त्यांवर उपाय असतो.

दातांचंच बघा. गिनी पिगचे दात जन्मभर वाढतात नि गवत चावूनच झिजतात. नुसते दाणे नि पोळीचे तुकडे मिळाले, तर दाढा वाढून जिभेला टोचतात. बिचारा भाजीजवळ येतो, हुंगतो आणि लाळ गाळत परत फिरतो. आपण म्हणतो, भूक मेली. भूक असते हो, चावता येत नाही!

माणसासारखंच त्यालाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. ते कमी पडलं की सांधे सुजतात, जखमा भरत नाहीत. रोज थोडी ढोबळी मिरची नि कोथिंबीर, अधूनमधून पेरूची फोड द्यावी. लसूणघास मात्र मोठ्या वयात रोज नको. त्यात कॅल्शियम फार, मूतखड्याची भीती. लघवीत रक्त दिसलं तर थांबू नका.

आणि मादी असेल तर? उतारवयात अंडाशयात पाण्याच्या गाठी होणं अगदी नेहमीचं. पोट फुगतं, दोन्ही कुशींवरचे केस जातात. घरचे म्हणतात, ‘बसून बसून सुटलीय.’ (ऐकल्यासारखं वाटतंय ना कुठेतरी?)

हा प्राणी दुखणं लपवतो. म्हणून आठवड्यातून एकदा काट्यावर त्याचं वजन करा आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. वजन घटू लागलं, की समजा काहीतरी बिनसलंय. दिवसभर खाल्लं नाही, तर उद्यावर ढकलू नका. त्याची आतडी थांबली तर जीवावर बेततं. घरातली उरलेली अॅमॉक्सिसिलिनची गोळी तर चुकूनही देऊ नका. त्याच्या पोटातले उपयोगी जंतू मरतात, आणि मग तोही.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गाईम्हशींच्या रांगेत तुम्ही टोपली घेऊन उभ्या राहिलात तर कुणी हसेलही. हसू दे. तोंड उघडून मागच्या दाढा बघा, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तिथे उपाय नसेल, तर मोठ्या शहरात लहान प्राणी बघणारं कोण आहे ते विचारून घ्या. टोपलीत त्याचं नेहमीचं गवत टाका, वाटेत खाणं थांबायला नको. आणि ज्यानं हट्ट केला होता, त्यालाही बरोबर न्या. क्लास एक दिवस बुडला तर बुडला.