राखीव वैमानिकांपुढील पूर्णवेळ पेच

एप्रिल २०२५ मध्ये जनरल डॅन केन अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुख समितीचे अध्यक्ष झाले, तेव्हा चर्चा झाली ती त्यांना निवृत्तीतून परत बोलावण्यात आल्याची. मात्र त्यांच्या कारकिर्दीतील एक तपशील अधिक लक्षणीय होता. एफ-१६ चे हे वैमानिक २००९ ते २०१६ या काळात नॅशनल गार्डमध्ये अर्धवेळ होते आणि उरलेला वेळ त्यांनी उद्योग-व्यवसायात घालवला. नॅशनल गार्डमधून या पदापर्यंत पोहोचलेले ते पहिलेच अधिकारी ठरले. अर्धवेळ सैनिकाला अमेरिकेत दुय्यम समजत नाहीत, हे यावरून दिसावे. परंतु छातीवर नुकतेच पंख लागलेल्या एखाद्या लेफ्टनंटला याचा फारसा उपयोग नाही. त्याचा प्रश्न अगदी साधा आहे: महिन्याचे उरलेले दिवस काय करायचे?

हा प्रश्न समजण्यासाठी तेथील व्यवस्था थोडी जाणून घ्यायला हवी. एअर नॅशनल गार्ड आणि एअर फोर्स रिझर्व्ह ही अमेरिकी हवाई दलाची दोन राखीव अंगे होत. आपल्याकडील प्रादेशिक सेनेसारखेच तत्त्व. फरक इतका की येथील अर्धवेळ सैनिक लढाऊ विमाने, टँकर आणि सी-१७ सारखी अवजड मालवाहू विमाने उडवतो. स्थानिक स्क्वॉड्रन उमेदवाराची निवड करते आणि सरकार त्याला ओक्लाहोमातील व्हॅन्स, टेक्सासमधील लाफलिन अशा तळांवर पाठवते. प्राथमिक प्रशिक्षणाला सुमारे वर्ष लागते, पुढे स्क्वॉड्रनच्या विमानावरचे प्रशिक्षण वेगळे. त्या काळात तो पूर्णवेळ सेवेत असल्याने पगाराची चिंता नसते. या बदल्यात दहा वर्षांची सेवा तो बांधून देतो. ही दहा वर्षे सक्तीची असली तरी पूर्णवेळ नोकरीची हमी त्यात नाही. पेचाचे मूळ येथेच आहे.

कागदोपत्री राखीव सैनिकाचे काम महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून पंधरा दिवस. दोन दिवसांची चार सत्रे धरतात आणि प्रत्येक सत्राला मासिक मूळ वेतनाचा तिसावा हिस्सा मिळतो. वैमानिकाला एवढ्यावर भागवता येत नाही, कारण हात सरावात ठेवण्यासाठी आठवड्यातील इतर दिवशीही उडावे लागते. त्या उड्डाणांचे पैसे मिळतात, पण दिवसही जातात. म्हणजे उत्पन्न अर्धवेळ आणि बांधिलकी त्याहून बरीच मोठी. दर महिन्याला हक्काने सहा-आठ दिवस सुटी देणारे बाहेरचे मालक किती असणार?

परतल्यावर लगेचचे काही महिने बहुधा बरे जातात. नवख्याला मुरवण्यासाठी त्याला पूर्णवेळ आदेशावर ठेवतात. पुढे काही जण तुकड्या-तुकड्यांच्या आदेशांवर दिवस काढतात: कधी सराव, कधी परदेशी तैनाती, कधी कुणाच्या बदली. अविवाहित तरुणाला हे मानवते आणि उड्डाणतासही भराभर वाढतात. मात्र निधी आटला की आदेशही आटतात.

स्थिर नोकरी हवी असेल तर स्क्वॉड्रनमध्येच दोन वाटा आहेत. पहिली ‘टेक्निशियन’ची. हा शब्द फसवा आहे. हा माणूस इंजिनाखाली पाना घेऊन बसलेला नसतो, तो पुष्कळदा प्रशिक्षक वैमानिकच असतो. आठवडाभर गणवेशात तेच काम, तेच विमान. पण कायद्याच्या दृष्टीने तो सरकारचा नागरी कर्मचारी, आणि ठरलेल्या सत्रांपुरता सैनिक. नॅशनल गार्डमध्ये १९६८ च्या कायद्याने आलेली ही दुहेरी व्यवस्था दोन्हीकडून कात्रीत धरते. लष्करी सदस्यत्व गेले की नागरी नोकरीही जाते. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकी सरकारचे कामकाज १६ दिवस ठप्प झाले, तेव्हा आरंभी या टेक्निशियनांना बिनपगारी घरी बसवण्यात आले. शेजारच्या टेबलावरचा पूर्णवेळ लष्करी अधिकारी मात्र कामावर होता. राखीव सैनिकांसाठीचा स्वस्त आरोग्यविमाही त्यांना घेता येत नाही, कारण ते नागरी कर्मचाऱ्यांच्या विम्यास पात्र ठरतात. डिसेंबर २०१९ च्या कायद्याने ही अट काढली खरी, पण अंमल १ जानेवारी २०३० पासून!

दुसरी वाट पूर्णवेळ लष्करी पदाची. वेतन, आरोग्यसेवा सारे नियमित सैन्याप्रमाणे आणि वीस वर्षांची सक्रिय सेवा भरली की निवृत्तिवेतन तत्काळ सुरू. अर्धवेळ सैनिकाला वीस पात्र वर्षे भरूनही साधारणपणे वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत थांबावे लागते. जानेवारी २००८ नंतरच्या विशिष्ट सक्रिय सेवेच्या दर नव्वद दिवसांमागे तीन महिन्यांची सूट आहे, तीही पन्नाशीच्या खाली नाही. तेव्हा हे पद सर्वांनाच हवेसे वाटते. ती पदे मोजकी असतात आणि नवख्याच्या वाट्याला क्वचितच येतात.

उरते ती प्रवासी विमान कंपनी, आणि बहुतेकांची नजर तिकडेच असते. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जणांचा बळी गेला. त्यानंतर झालेल्या २०१० च्या कायद्यामुळे सहवैमानिकालाही साधारण १५०० उड्डाणतासांची अट लागू झाली. लष्करी वैमानिकाला मात्र ७५० तासांवर मर्यादित परवाना मिळतो. येथे एक गमतीदार उलथापालथ होते. वर्गातला पहिला येऊन एफ-१६ मिळवणाऱ्याचे उड्डाण तास-दीड तासाचे. त्याला हा आकडा गाठायला तीन-चार वर्षे सहज लागतात. टँकरवर किंवा सी-१७ वर गेलेला त्याचा मित्र एकेका फेरीत आठ-आठ तास जमवतो आणि आधी दारात उभा राहतो.

आधी उभे राहण्याला इतके महत्त्व का? कारण विमान कंपनीत गुणवत्तेची नव्हे, तारखेची सत्ता चालते. रुजू होण्याच्या तारखेवरून ज्येष्ठता क्रमांक मिळतो. कोणते विमान, कोणते शहर, कोणती सुटी, कॅप्टनपद कधी आणि मंदीत आधी घरी कोण जाणार, हे सारे त्या क्रमांकावर ठरते. निवृत्तीचे वय डिसेंबर २००७ मध्ये साठवरून पासष्ट झाले. मोठ्या कंपन्यांत अवजड विमानाचा कॅप्टन आज ताशी चारशे डॉलरहून अधिक मिळवतो. सत्ताविसाव्या वर्षी मिळालेला क्रमांक आणि बत्तिसाव्या वर्षी मिळालेला क्रमांक यांतील फरक अखेरच्या, सर्वाधिक कमाईच्या वर्षांत वसूल होतो.

आणि म्हणूनच प्रश्न ‘लष्कर की कंपनी’ असा मांडणे मला चुकीचे वाटते. खरा प्रश्न क्रमाचा आहे. १९९४ च्या कायद्यानुसार लष्करी सेवेसाठी रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याची नागरी नोकरी राखून ठेवावी लागते. तो परतल्यावर, मधली वर्षे कामावरच होता असे धरून त्याची ज्येष्ठता मोजली जाते. एका मालकाकडे ही मुभा एकूण पाच वर्षांची, त्यातूनही सक्तीची तैनाती व काही प्रकारची सेवा वगळली जाते. म्हणजे आधी कंपनीत क्रमांक घेऊन मग दोन-तीन वर्षांच्या पूर्णवेळ लष्करी नेमणुकीवर गेलेला वैमानिक दोन्ही शिड्या चढत राहतो. तीच नेमणूक आधी घेऊन मग कंपनीकडे वळणारा एका शिडीच्या पायथ्याशीच असतो. काम तेच, गणवेश तोच. फक्त क्रम वेगळा.

अर्थात कंपन्यांचे जग बेभरवशाचे आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर हजारो वैमानिकांची कपात झाली. युनायटेडने २००५ मध्ये आणि डेल्टाने २००६ मध्ये दिवाळखोरीत वैमानिकांच्या निवृत्तिवेतन योजना मोडीत काढल्या. अमेरिकन एअरलाइन्सने ऑक्टोबर २०२० मध्ये दीड हजारांहून अधिक वैमानिकांना घरी पाठवले. सरकारी मदतीमुळे डिसेंबरात ते परतले. २०२३ मध्ये डेल्टाने चार वर्षांत ३४ टक्के वेतनवाढीचा करार केला, तोवर स्पिरिटचे दिवस फिरू लागले होते. ती कंपनी नोव्हेंबर २०२४ आणि ऑगस्ट २०२५ अशी दोनदा दिवाळखोरीत गेली आणि मधल्या काळात तिने शेकडो वैमानिक कमी केले. अशा वेळी स्क्वॉड्रन हा मोठा आधार ठरतो. पण या विम्यात एक छिद्र आहे, ते फारसे कुणी बोलून दाखवत नाही. मंदी आली तर एक नोकरी दुसरीला सावरते. हृदय, दृष्टी वा मेंदूचा विकार निघाला तर दोन्ही वैद्यकीय दाखले एकाच सकाळी धोक्यात येतात. कंपनीच्या अपंगत्व विम्याच्या अटी वेतनाच्या तक्त्याइतक्याच बारकाईने वाचायला हव्यात.

हवाई दलाची अडचण निराळी. गेली अनेक वर्षे त्याला सुमारे दोन हजार वैमानिक कमी पडत आहेत आणि अनुभवी माणसे ज्या कंपन्यांकडे जातात, त्यांच्याच रजेच्या औदार्यावर राखीव दल उभे आहे. हे औदार्य ताणले गेल्याचीही चिन्हे आहेत. लष्करी कामासाठीच्या अल्प रजेचे वेतन मिळावे म्हणून युनायटेडच्या एका राखीव वैमानिकाने दावा लावला. इतर अल्प रजांना कंपनी वेतन देत असेल तर त्यांच्याशी तुलना करून हा हक्कही मागता येतो, असे अपील न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या खटल्यात आणखी एका अपील न्यायालयाचा कौलही त्याच दिशेचा होता.

या साऱ्यात वेतनाच्या कोणत्याही तक्त्यात न दिसणारी गोष्ट म्हणजे भूगोल. स्क्वॉड्रन एखाद्या लहान शहरात, नवख्याला कंपनीने दिलेला तळ न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी आणि घर तिसरीकडे, हे नेहमीचेच. महिन्याचे पंधरा-सोळा दिवस कंपनीचे, सहा-आठ स्क्वॉड्रनचे, आणि या दोन्हींकडे रिकाम्या आसनाची वाट पाहत पोहोचण्यात जाणारे तीन-चार दिवस बिनपगारी. स्क्वॉड्रनच्याच शहरात राहणारा टेक्निशियन पैशाने मागे पडतो खरा, पण संध्याकाळी सहाला तो घरी जेवायला असतो.