भुकटीची पिशवी उघडणाऱ्याचे काय?

प्लास्टिकमधून वीज जात नाही, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यात कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, शेकडा एखादा भाग मिसळल्या की जाऊ लागते. नळीची जाडी केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही कमी आणि लांबी त्या मानाने प्रचंड, त्यामुळे थोड्याच नळ्या एकमेकींना टेकून विजेला सलग वाट करून देतात. वजनाच्या मानाने त्यांची ताकद पोलादाहून कितीतरी जास्त. (मिश्रणात गुठळ्या होतात आणि ती सगळी उतरत नाही, हा भाग वेगळा.) सुमिओ इइजिमा यांनी १९९१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, आज त्या बॅटरीपासून अंतराळयानापर्यंत पोचल्या आहेत.

डॉक्टरला यात चिंता वाटते ती फुप्फुसाची. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी आलेला कण गिळून टाकतात. तंतू लांब आणि ताठ असेल तर तो अर्धाच गिळला जातो, पेशी हतबल होते आणि दाह सुरूच राहतो. अॅस्बेस्टॉस नेमके हेच करते. २००८ मध्ये एडिनबरोच्या संशोधकांनी लांब नळ्या उंदरांच्या पोटात टोचल्या, तेव्हा तसाच दाह दिसला. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तो झाला नाही. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने एका ताठ प्रकाराला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात घातले. इतर प्रकारांबाबत पुरावा अपुरा ठरला.

तयार वस्तू वापरणाऱ्याने घाबरू नये, नळ्या रेझीनमध्ये घट्ट बसलेल्या असतात. प्रश्न आहे तो भुकटीची पिशवी उघडणाऱ्याचा, आणि काही प्रमाणात तुकडे कापणाऱ्या-घासणाऱ्याचाही. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा सुचवली. साध्या रुमालाने हे साधणारे नाही. बंदिस्त यंत्र, धूळ ओढणारा पंखा, ओली कापणी आणि योग्य मास्क लागतो.

अॅस्बेस्टॉसचा मेसोथेलिओमा हा कर्करोग बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी उगवतो. तोवर ठेकेदार बदललेला असतो, कामगार गावी परतलेला असतो. म्हणून ही भुकटी हाताळणाऱ्या प्रत्येक कारखान्याला, ठेक्यावरच्या माणसांसह, नावानिशी नोंद ठेवणे आजच सक्तीचे करावे. आमच्या केसपेपरवर विडी-तंबाखू नेमाने लिहिली जाते. व्यवसायापुढे मात्र ‘मजूर’ एवढेच असते. कोणती धूळ आणि किती वर्षे, हे विचारायला अर्धे मिनिट पुरते.