विकतचा जीव

मुलांच्या हातातील भ्रमणध्वनीवर चालणाऱ्या खेळांचा विषय निघाला की आपल्या समाजात दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक वर्ग म्हणतो, "तो खेळच तर आहे, त्यात नीतीचा प्रश्न कुठे येतो?" दुसरा म्हणतो, "सगळ्या खेळांवर बंदी घाला." पहिल्या वर्गाला आपण आधुनिक म्हणतो, दुसऱ्याला संस्कारी. खरे पाहता दोघेही एकच गोष्ट टाळत असतात. समोरचा खेळ नेमक्या कोणत्या वर्तनाला बक्षीस देतो, हे पाहण्याचे कष्ट दोघांनाही नको असतात.

खेळात नीती असते, हे आपल्या पूर्वजांना कुणी बाहेरून येऊन शिकवावे लागले नाही. मराठी परंपरेतील मोक्षपट हा त्याचा ढळढळीत पुरावा आहे. त्या पटावर सद्गुणांच्या शिड्या होत्या आणि दुर्गुणांचे सर्प होते. दान पडेल तसे वर चढावे वा खाली घसरावे, आणि चढता-घसरता कशाने माणूस उंचावतो व कशाने अधोगतीला जातो, हे बालमनावर ठसावे, अशी ती योजना होती. हा खेळ इंग्लंडात गेला आणि कालांतराने त्यातील गुणदुर्गुण पुसले गेले. उरले ते केवळ साप आणि शिड्या. खेळातून नीती काढून घेण्याची ही प्रक्रिया आज थेट आपल्या दिवाणखान्यात पूर्णत्वास पोहोचली आहे.

कबड्डीचेच पहा. आपल्या जुन्या हुतूतूच्या एका प्रकाराला 'संजीवनी' असे अर्थपूर्ण नाव होते. गडी बाद झाला की तो निमूटपणे सीमेबाहेर जाऊन बसतो. संघातील दुसरा कुणी प्रतिपक्षाच्या अंगणात शिरून गडी मारतो, तेव्हा हा बसलेला गडी पुन्हा जिवंत होतो. म्हणजे माझा जीव माझ्या सोबत्याच्या पराक्रमावर अवलंबून आहे, हे दहा वर्षांच्या मुलाला कोणतेही व्याख्यान न देता कळते. शाखेच्या मैदानावर तर पुष्कळदा पंचही नसतो. स्पर्श झाला की नाही, हे ज्याला झाला त्यानेच सांगायचे असते. खोटे बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गडी आपल्या संघात घेत नाहीत. नित्य जीवनातील प्रामाणिकपणाचा याहून सोपा पाठ कोणता?

आता भ्रमणध्वनीवरील खेळातला 'जीव' पहा. 'कँडी क्रश'सारख्या घराघरांत पोहोचलेल्या खेळात पाच जीव मिळतात. ते संपले की अर्धा तास थांबावे तेव्हा एक जीव परत येतो. थांबायचे नसेल तर पैसे मोजावेत. हरणे, थांबणे, पुन्हा प्रयत्न करणे हाच तर खेळाचा संस्कार. येथे मात्र थांबणे ही शिक्षा ठरते आणि पैसा ही सुटका. जो बालक रोज हे अनुभवतो, तो उद्या रांगेत उभा राहील, परीक्षेत अपयश पचवील, अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो?

हे सारे सहज घडत नाही, घडवले जाते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट' या खेळाच्या निर्मात्या एपिक गेम्स कंपनीला एकूण ५२ कोटी डॉलर भरावयास लावले. मुलांच्या खासगीपणाचा भंग हा एक आरोप होता. चुकून कळ दाबली जाऊन खरेदी व्हावी, अशी पडद्याची फसवी रचना केल्याचा दुसरा. बेल्जियमने तर २०१८ मध्येच, आत काय निघेल हे ठाऊक नसताना पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना जुगार ठरवले. ज्या पाश्चात्त्य देशांचे दाखले देऊन आमचे मुक्ततावादी आम्हांला मागासलेले ठरवतात, त्या देशांनाही हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा वाटत नाही. आपल्याकडे मात्र आईच्या खात्यातून परस्पर पैसे गेले की आपण मुलाला चोर म्हणतो, आणि त्याला चोरीची वाट दाखवणाऱ्या रचनेकडे दुर्लक्ष करतो.

पैशांच्या खेळांनी तर कहर केला होता. रमी असो वा क्रिकेटचे काल्पनिक संघ, 'हा जुगार नव्हे, कौशल्य आहे' असा या कंपन्यांचा युक्तिवाद होता. तो ऐकताना सभापर्व आठवावे. शकुनी काय कौशल्याशिवाय जिंकला? जाणत्याने अजाणत्याला हरवणे ही फसवणूक नव्हे, हाच तर त्याचा बचाव होता! ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात द्यूतापायी घर गमावलेल्या माणसाचा विलाप आहे, आणि शेवटी त्याला शेतीकडे वळण्याचा उपदेश आहे. हे केवळ पोथीतच राहिले असेही नाही. १९५७ साली 'मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाकारले, तेव्हा ऋग्वेदाचा आणि महाभारताचाही दाखला दिला होता. तरीही २०२३ ते २०२५ या काळात अशाच एका खेळाचे नाव भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर झळकत होते, आणि आपण टाळ्या वाजवत होतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु कायदा झाला म्हणजे संस्कार झाला, या भ्रमात आपल्यातील अनेक जण आहेत, आणि येथे स्वकीयांनाही चार खडे बोल सुनावले पाहिजेत.

सप्टेंबर २०२० मध्ये 'पबजी'वर बंदी आली तेव्हा आपण चीनला धडा शिकवल्याचा आनंद साजरा केला. जुलै २०२१ मध्ये कोरियन कंपनीने तोच खेळ नावात 'इंडिया' घालून परत आणला, रक्ताचा लाल रंग हिरवा केला, आणि आपला विरोध थंडावला. देशाचे नाव लावल्याने खेळ स्वदेशी होतो काय? मुलाचा वेळ, झोप आणि संयम हिरावणारी रचना तीच राहिली असेल, तर मालक चिनी की कोरियन की मुंबईचा, याने त्या मुलाचे कोणते भले होणार? पैशांच्या खेळांचे अनेक बडे व्यापारी तर आपलेच देशबांधव होते. स्वदेशीचा अर्थ उत्पादकाच्या पत्त्यापुरता मर्यादित करणे, हा स्वदेशी विचाराचाच अवमान आहे.

आणि आपली घरे? जेवताना तान्ह्या बाळाच्या हाती भ्रमणध्वनी कोण देतो? पाहुण्यांसमोर मुलाने गप्प बसावे म्हणून खेळ कोण लावून देतो? रात्री दार लावून पत्त्यांचा डाव मांडणारा पिता मुलाला कोणत्या तोंडाने आवरणार? द्यूतसभेत अन्याय शकुनीने केला खरा, पण ती सभा भरली होती मौन धरलेल्या वडीलधाऱ्यांनी. विदुर बोलला, तो एकटा पडला. आज घरोघरी विदुराची जागा रिकामी आहे.

यंत्रावरचा प्रत्येक खेळ त्याज्य आहे, असे मुळीच नव्हे. पुण्यातील तरुणांच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ जगापुढे आणला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी, दुर्गेचा आशीर्वाद लाभलेली एक मुलगी त्याची नायिका आहे. आपल्या पुराणकथा आणि चित्रपरंपरा यांच्या आधारे परदेशी तोडीचे काम करता येते, हे या मुलांनी सिद्ध केले. असे निर्माते शंभरांनी निपजावेत. परंतु त्यांच्या पाठीशी उभा राहणारा ग्राहक आपणच घडवला पाहिजे.

त्यासाठी घरात कोणताही खेळ येण्यापूर्वी आई-वडिलांनी तीन प्रश्न विचारावेत. यात हरल्यावर काय करावे लागते, थांबावे लागते की पैसे मोजावे लागतात? जिंकण्यासाठी सोबत्याला साथ द्यावी लागते की त्याला टाकून पुढे जावे लागते? आणि हा खेळ कधी संपतो की नाही? उत्तरे मुलाबरोबर बसून, स्वतः चार डाव खेळून शोधावीत. दुरून धमकावण्यापेक्षा ते अधिक परिणामकारक ठरेल.

कार्यकर्त्यांवरील जबाबदारी याहून मोठी आहे. वस्तीतले मैदान वाहनतळाखाली गेले, सोसायटीच्या अंगणात 'खेळण्यास मनाई'ची पाटी लागली, तेव्हा आपण बैठकीत होतो. मुलांच्या हातातून यंत्र काढून घ्यायचे तर त्या हातांना दुसऱ्या मुलाचा हात मिळाला पाहिजे. रोज संध्याकाळी एक तास, एक मैदान, वीस मुले आणि एक विश्वासू ताई किंवा दादा, एवढी सिद्धता प्रत्येक वस्तीत झाली पाहिजे. बाद झालेला गडी तेथे सोबत्याच्या पराक्रमाची वाट पाहत बसेल. त्याला उठवण्यासाठी कुणालाही पैसे मोजावे लागणार नाहीत.