बेण्याची हळद

उन्हाळ्याची चाहूल लागली, की वसमतच्या शिवारात हळदीची काढणी सुरू होते. जमिनीतून निघालेले कंद शिजवावयाचे, उन्हात वाळवावयाचे, ढोलात घोळून त्यांना चकाकी आणावयाची आणि मग पोती भरून ती मोंढ्यात न्यावयाची, असा हा क्रम असतो. या हळदीची कीर्ती दूरवर गेली असून २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

परंतु शेतातून निघालेले सगळेच कंद शिजविले जात नाहीत. शेतकरी त्यांतील निरोगी व टपोरे जेठे गड्डे आधीच निवडून बाजूला काढतो आणि सावलीत पाल्याखाली झाकून ठेवतो. हे पुढच्या लागवडीचे बेणे होय. एका एकराला सुमारे दहा क्विंटल बेणे लागते. घरात कितीही नड असली, बाजारात भाव कितीही चढला, तरी शहाणा शेतकरी बेण्याला हात लावीत नाही. विकून जे उरेल ते बेणे, असे तो कधी म्हणत नाही. आधी बेणे आणि मग विक्री, हा त्याचा नियम असतो.

पैशाच्या बाबतीतही हाच नियम पाळला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण मात्र बहुधा उलट वागतो. पैसा हाती आला, की प्रथम खर्च करतो आणि उरेल ते शिल्लक टाकू असे मनाशी म्हणतो. मग उरत काहीच नाही. कारण खर्चाला पोट असते, पण तळ नसतो.

आपल्या भागात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. नोकरदाराला दरमहा पगार मिळतो. हळदीचे पीक मात्र जवळजवळ नऊ महिने जमिनीत असते आणि त्याचा पैसा वर्षातून एकदाच हाती पडतो. मोंढ्यातून हिशेबाची पट्टी व रक्कम घरी आली, म्हणजे त्या दिवशी आपण मोठे श्रीमंत झालो असे वाटू लागते. वस्तुतः तो पैसा एका महिन्याचा नसतो. बारा महिन्यांचा असतो. त्याला बाराने भागून पाहिले, तर श्रीमंतीचा भास तत्काळ नाहीसा होईल. ज्या घरात हा भागाकार होत नाही, त्या घरी चैत्रात मोठा थाट असतो आणि भाद्रपदात उसनवारी सुरू होते. मग उभ्या पिकावर उचल घ्यावी लागते. ज्याच्याकडून उचल घेतली, त्याच्याच दुकानी माल घालावा लागतो आणि भाव पडलेला असला तरी थांबता येत नाही.

येथेच बचतीचे खरे मोल कळते. चांगली वाळलेली हळद नीट ठेवली तर टिकते. ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत, तो पडत्या भावाला ‘आज विकणार नाही’ असे म्हणू शकतो. ज्याच्या डोक्यावर देणे आहे, त्याला असे म्हणता येत नाही. दोघांचे कष्ट सारखे, दोघांची हळद सारखीच पिवळी. पण एकाला थांबण्याचे स्वातंत्र्य आहे आणि दुसऱ्याला नाही. बचत म्हणजे नुसत्या नोटांचा ढीग नव्हे; बचत म्हणजे हे स्वातंत्र्य होय.

व्याजाचे गणित तर तुम्ही स्वतःच करून पाहावे. दहा हजार रुपये दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने घेतले आणि व्याज न फेडता ते मुद्दलात मिळवीत गेलो, तर एका वर्षात देणे चौदा हजारांवर जाते आणि दोन वर्षांत वीस हजारांच्याही पुढे जाते. ‘शेकडा तीन’ हे शब्द कानाला किती लहान वाटतात! परंतु दोन वर्षांत ते कर्ज दुप्पट करतात.

बचतीइतकीच दुसरी सवय म्हणजे लेखी हिशेबाची. तिचे महत्त्व महाराष्ट्राच्या इतिहासातूनही दिसून येते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि हा उठाव शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. कापसाचे कोसळलेले भाव, वाढलेला शेतसारा अशी त्याची अनेक कारणे होती. लोकांनी प्रामुख्याने हस्तगत केले ते कर्जरोखे, आणि ते त्यांनी जाळून टाकले. त्या कागदांत काय लिहिले आहे, हे अनेक ऋणकोंना वाचता येत नव्हते. हिशेबाची वही एकट्या सावकाराच्या घरी असे. पुढे १८७९ साली सरकारने कायदा केला आणि दिलेल्या पैशाची लेखी पावती व वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तो कायदा येथे लागू नव्हता. परंतु त्यातील बोध सर्वांनाच लागू आहे. ज्याचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत असतो, त्याचे सुखदुःखही दुसऱ्याच्या हाती जाते.

यावर कोणी म्हणेल, “ज्यांच्या घरी दोन वेळची चूल कष्टाने पेटते, त्यांनी काय शिल्लक टाकावे?” हा प्रश्न खोटा नाही. अवर्षण, गारपीट, आजारपण ही संकटे उधळपट्टीमुळे येत नाहीत, आणि गरिबाच्या गरिबीचा दोष त्याच्याच माथी मारणे हा अन्याय आहे. मजुरी कमी मिळते तेथे ती वाढलीच पाहिजे. तथापि मला असे वाटते, की ज्याच्याजवळ थोडे आहे, त्यालाच त्या थोड्याची राखण अधिक जपून करावी लागते. गावोगावच्या बचत गटांतील स्त्रियांकडे पाहा. त्यांतील कित्येक जणी मजुरी करतात, तरी दरमहा ठरलेली लहानशी रक्कम गटात जमा करतात आणि एखादीची नड निघाली, की त्याच पैशातून तिला कर्ज देतात. थेंबे थेंबे तळे साचे, या म्हणीचा अर्थ त्यांनी कृतीने सांगितला आहे.

काटकसर म्हणजे कंजूषपणा असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. आजारी आजीचे औषध टाळणारा कंजूष होय. आजीच्या औषधासाठी पैसे हाताशी असावेत म्हणून आपली हौस पुढे ढकलणारा काटकसरी होय.

मग अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी काय करावे? खाऊचे, बक्षिसाचे किंवा जत्रेचे पैसे मिळाले, की त्यांतील लहानसा भाग प्रथम बाजूला काढावा. हे आपले बेणे. रोजचे पाच रुपये राखले, तरी वर्षाकाठी एक हजार आठशे पंचवीस रुपये होतात. एखादी वस्तू घ्यावीशी वाटली, तर आठ दिवस थांबावे. तोपर्यंत गरज कोणती आणि हौस कोणती, हे आपोआप कळून येते. आज मोबाईलवरून क्षणात पैसे देता येतात. तेथे हातातली नोट कमी होताना दिसत नाही, म्हणून असा खर्च तर त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावा. साठलेली रक्कम डब्यात पडून राहू देऊ नये. टपाल कार्यालयात बचत बँकेची सोय १८८२ सालापासून आहे आणि दहा वर्षांवरील मुलामुलींना तेथे स्वतःच्या नावाने खाते उघडता येते.

आणखी एक काम तुमच्याकडून व्हावे अशी माझी अपेक्षा आहे. मोंढ्यातून पट्टी घरी येईल, तेव्हा ती हाती घेऊन मोठ्याने वाचा. वजन किती, भाव किती, हमाली व तोलाई किती कापली, हे सारे ताडून पाहा आणि बेरीज स्वतः करा. आजोबांना अक्षर लागत नसेल, तर त्यांच्याजवळ बसून त्यांना ती समजावून सांगा. शाळेत शिकलेल्या गणिताचा असा उपयोग घरात होऊ लागला, तर आजोबांनाही समाधान वाटेल आणि त्या वर्षीच्या कष्टाचा एकही रुपया हिशेबाबाहेर जाणार नाही.